तुमचं खोटं आयंबिल

नाना, परवा तुमच्या उठावण्याला मी शेवटच्या रांगेत बसले होते. तुमच्या जैन समाजात शोकबैठकीला उठावणा म्हणतात, हेही मला परवाच कळलं. हॉल भरला होता. चोपड्याहून तुमच्या दुकानाशेजारचे लोक आले होते, धुळ्याहून तुमच्या लेकीच्या, मंजूताईंच्या सासरची मंडळी. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तेच येत होतं. शेवटपर्यंत व्रत सोडलं नाही, अंगात ताकद नव्हती तरी आयंबिलाचं व्रत चालू होतं, असा माणूस होणे नाही. मग कुणीतरी माझं नाव घेतलं. "ज्यांनी वृद्धाश्रमात तीन वर्षं त्यांची सेवा केली त्या सिस्टर आता बोलतील." मी उठले, हात जोडले आणि पुन्हा खाली बसले. लोकांना वाटलं मला हुंदका आला. हुंदका नव्हता, नाना. तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल, ही धास्ती होती.

म्हणून आता तुमच्याशीच बोलते. तुम्हाला सांगण्यासारखं नवं काही नाही, तुम्हाला सगळं ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते मला, आणि ठाऊक असणं हेच तर माझं काम.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा स्वयंपाकाच्या मंगलाबाईपासून सगळे तुम्हाला शेठजी म्हणायला लागले. चौथ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मंगलाबाईला तिच्याच बोलीत दटावलंत, "दुकान गयं, शेठ बी गया. नाना म्हन माले." पन्नास वर्षं कापडाच्या दुकानात शेतकऱ्यांशी बोलून तुमची अहिराणी आमच्या पारोळ्याकडच्या माणसांइतकी अस्सल झाली होती. मंगलाबाई तुमच्यावर तिथेच खूश झाली. मी जरा उशिरा झाले. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून म्हणालात, "सिस्टर, दुसऱ्या धुण्याला वीतभर आटेल." मला राग आला. साडी आटली तेव्हा जास्तच आला.

मी काळजी करणारी बाई आहे, हे तुम्ही लगेच ओळखलंत. औषधाचं कपाट कुलूप लावून दोनदा ओढून बघणारी. पाणी भरून झालं तरी परत जाऊन नळ पिळणारी. तुम्ही मला चिंतामणी सिस्टर म्हणायचात. "अहो, नळ बंद झाला का ते एकदा नळालाच विचारून घ्या," असं भर पंगतीत म्हणून सगळ्यांना हसवायचात. मीही हसायचे, पण जाऊन नळ बघून यायचेच.

आपलं पहिलं भांडण झालं ते सूर्यास्तावरून. तुमचा चौविहार होता. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. तुमची रक्तदाबाची गोळी रात्री आठची. मी म्हटलं, गोळीपुरतं घोटभर पाणी घ्या, देव काही म्हणणार नाही. तुम्ही म्हणालात, "देव नाहीच म्हणणार सिस्टर, प्रश्न माझा आहे." शेवटी डॉक्टरांना विचारून मी गोळीची वेळ बदलली आणि तुमच्यासाठी संध्याकाळचं जेवण वेगळं लवकर काढायला लागले. तेव्हापासून मला तुमच्या धर्माबद्दल एक धाक बसला. त्यातलं काही विचारायचं नाही, बोलायचं नाही, फक्त सांभाळायचं. मला वाटायचं हा आदर आहे. निम्मा आळस होता, असं आता वाटतं.

दुसरं भांडण मात्र मिटलं नाही. ते मागच्या खोलीचं.

यावलच्या आबांना जेवताना ठसका लागला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. भाकरीचा घास अडकला, आबा निळे पडले, मी पाठीत थापा मारून तो कसाबसा बाहेर काढला. नंतर आठ दिवस मी प्रत्येकाच्या घासाकडे बघत बसायचे. त्यातूनच मी नियम केला. ज्याला स्वतःच्या हाताने नीट जेवता येत नाही, गिळता येत नाही, त्याला औषधाच्या कपाटाशेजारच्या मागच्या खोलीत हलवायचं. चार खाटा, समोर कायम माणूस. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. तुम्ही एकटेच माझ्या टेबलापाशी आलात.

"सिस्टर, माणसाला पंगतीतून उठवू नका."

"नाना, उठवत नाही. जपतेय."

"उठणाऱ्याला दोन्ही सारखंच लागतं."

मी म्हटलं, उद्या कुणी पानावर गेला तर तुम्ही जबाबदारी घ्याल का? तुम्ही परत फिरलात. मी जिंकले असं मला वाटलं. पुढे आबांना दवाखान्यातून नाकात नळी घालून आणलं. ते ती उपसायचे, म्हणून आम्ही त्यांचे हात खाटेला पट्टीने बांधायचो. तुम्ही रोज सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचात. एक दिवस स्वतःच्या जुन्या मलमलच्या धोतराच्या पट्ट्या करून, कडा शिवून मला आणून दिल्यात. "बांधायचंच आहे तर कापड तरी मऊ असू द्या." मी आभार मानून घेतल्या. तुम्ही काय बघत होतात, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. आबा चार महिन्यांनी त्याच खोलीत वारले.

आता या हिवाळ्याचं सांगते.

चातुर्मास संपला की तुमची व्रतं कमी होतात, एवढं दोन वर्षांत मला कळलं होतं. या वर्षी दिवाळीनंतर ती वाढली. चौविहाराची वेळ सहावरून पाचवर आली, मग चारवर. सूर्य केळीच्या मळ्यावर चांगला उंच असायचा आणि तुमचं पाणी बंद. मी विचारलं तर म्हणालात, "हिवाळ्यात दिवस लहान असतो, सिस्टर." मी मान डोलावली. दिवस लहान होतो म्हणजे दोन तासांनी होतो का, हा प्रश्न शाळेतल्या पोरीलाही पडला असता. मला पडला नाही.

मग आयंबिल आलं. पहिल्या आठवड्यात एकदा, मग दिवसाआड, मग रोज. आधीही तुम्ही वर्षातून दोनदा ते करायचात, पण तेव्हा तुमचा डबा गावातल्या स्थानकातून, तुमच्या प्रार्थनेच्या जागेतून यायचा, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराला त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. अळणी खातात, इतकीच माझी माहिती. तुम्ही मंगलाबाईला सांगायचात, "आज मन्हं आयंबिल शे, भाकर नको वाढू." ती विचारायची, मग काय देऊ? तुम्ही म्हणायचात, वाटीभर दही दे, एक केळं कुस्करून दे. ती द्यायची. मी बघायचे. ट्रस्टी आले की मी त्यांना तुमच्या टेबलापाशी न्यायचे, "बघा, या वयात रोज आयंबिल." तुम्ही खाली मान घालायचात. मला तो विनय वाटायचा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सगळ्यांची वजनं घेते. दोन्ही महिने नेमके तेव्हा तुम्ही सामायिकाला बसलात. डोळे मिटून अठ्ठेचाळीस मिनिटं, मध्ये कुणी उठवायचं नाही. मी तुमच्या वजनाच्या रकान्यात 'सामायिकात' असं लिहिलं आणि पुढे गेले. परत आले नाही. नळ दोनदा बघणारी बाई तुमच्याकडे परत आली नाही.

तुमची बंडी गळ्यात सैल झाली होती. तुम्ही सुईदोरा मागून घेतलात आणि स्वतःच टीप घातलीत. मी म्हटलं, काय झालं? "धुऊन धुऊन कापड सैल पडलं." आणि मी ते ऐकून घेतलं! सुती कापड धुतलं की आटतं, हे तुम्हीच माझा पदर धरून मला शिकवलं होतं.

मंगलाबाईला मात्र दिसलं होतं. हे तुम्हाला माहीत नसेल. वांग्याच्या भरिताची पंगत झाली त्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. वांगं तुम्ही आयुष्यात खाल्लं नाही, पण वांगी भाजायला लागली की दरवर्षी खुर्ची घेऊन चुलीजवळ येऊन बसायचात, वासाला कुठे बंदी आहे म्हणायचात. या वर्षी आला नाहीत. मंगलाबाई म्हणाली, "ताई, नाना पानी पेतस ना, मंग त्यासना आवाज घोगरा व्हई जास. खोकला दाबतस. एकदाव देखा ना." मी तिला काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "त्यांच्या धर्माच्या गोष्टीत आपण नाक खुपसू नये." ती बिचारी परत चुलीकडे गेली. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर यायचे. त्यांनाही मीच सांगितलं, नानांचं व्रत चालू आहे, थोडे उतरलेत. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधीच मी त्यांना उत्तर देऊन ठेवलं होतं.

त्या शनिवारी मंजूताई धुळ्याहून आल्या. तुम्ही अंथरुणावर पडून होतात, अंग कोमट होतं, मी सर्दीचं औषध दिलं होतं. त्यांना चहा देताना मी कौतुकाने सांगितलं, "दीड महिना झाला, रोज आयंबिल. फक्त दही आणि केळं."

त्यांचा कप हातातच राहिला. "दही?"

"हो, वाटीभर."

"सिस्टर, आयंबिलमध्ये दह्याचा थेंब चालत नाही. दूध, दही, तूप, फळ, काही नाही. कोरडं अन्न, तेही एकदाच." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पप्पा खोटं आयंबिल करणार नाहीत. त्यांना काहीतरी झालंय."

मला त्या क्षणी सगळं एकदम दिसलं, नाना. पाणी नको, भाकरी नको, घट्ट मऊ तेवढं हवं. पाणी घशातून खाली जाताना चुकतंय, म्हणून चौविहार चारला. घास अडकतो, म्हणून आयंबिल. वजन कळू नये म्हणून सामायिक. तीस वर्षं नर्सचं काम करते मी. कुठल्याही दुसऱ्या माणसाने 'पाणी नको' म्हटलं असतं तर मी त्याच्या घशाला हात लावून बघितलं असतं. तुमचं 'नको' व्रताच्या कापडात गुंडाळून आलं आणि मी त्याला बाहेरूनच नमस्कार केला.

मी धावत तुमच्या खोलीत आले, तुम्हाला बसवलं आणि चमचाभर पाणी दिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पकडल्या गेलेल्या माणसाची नजर होती ती. पाणी गिळलंत, खोकला दाबलात, डोळ्यांत पाणी आलं. "बोला नाना," म्हटलं. तुम्ही "काय बोलू" म्हणालात, आणि तो आवाज ओला होता, घशात पाणी खळखळत असल्यासारखा. अर्ध्या तासात आपण जळगावातल्या दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, मागे कधीतरी लहानसा झटका येऊन गेला असावा, गिळण्याचे स्नायू कमजोर झालेत. दोन महिने थोडं थोडं पाणी फुफ्फुसात जात होतं. आता न्यूमोनिया. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, पाणी घट्ट करून द्यायचं, ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, लहान चमच्याने. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. गिळण्याचे व्यायाम असतात. बरेच जण असे वर्षानुवर्षं जेवतात. मी विचारलं, आणि नळी? "एवढ्यात कशाला नळी?"

ऐकलंत ना? तुम्ही जिच्यापासून दोन महिने लपत होतात, ती लागणारच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. "सिस्टर, आयंबिल खोटं होतं." मी म्हटलं, माहीत आहे, बोलू नका. तुम्ही म्हणालात, "मागच्या खोलीत नका ठेवू." आणि हात जोडलेत. भाद्रपदात संवत्सरीला तुम्ही आश्रमातल्या प्रत्येकासमोर उभं राहून म्हणायचात ते शब्द म्हणालात, मिच्छामि दुक्कडम, माझं चुकलं ते माफ करा. मी तुमचे हात खाली घेतले आणि मास्क परत लावला. "ऑक्सिजन कमी होतोय नाना." हे माझं तुमच्याशी शेवटचं धड वाक्य. दोन दिवसांनी दुपारी तुम्ही गेलात.

माफी कुणी कुणाची मागायची होती? ज्या माणसाने आयुष्यात सूर्य मावळल्यावर गोळीपुरतं पाणी घेतलं नाही, त्याने दीड महिना रोज पानावर बसून व्रताच्या नावाने खोटं सांगितलं. धर्मापेक्षा तुम्हाला माझ्या नियमाची भीती जास्त वाटली. मी ते तेव्हा बोलायला हवं होतं. माझं चुकलं नाना, ती खोली माझी चूक होती, एवढं म्हणायला ऑक्सिजन काही आड आला नसता.

पण मला तुमचा रागही येतो, तो लपवत नाही. तुम्ही मला रोज चिडवत होतात, माझी नस न् नस ओळखत होतात. एकदा येऊन नुसतं "पाणी ठसकतंय" म्हणाला असतात तर मी आरडाओरडा केला असता, घाबरले असते, पण तुम्हाला वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं असतं. एवढाही विश्वास नव्हता का? मग आबांचे बांधलेले हात डोळ्यांसमोर येतात आणि राग माझ्याकडेच वळतो. तुम्ही दिलेल्या पट्ट्यांनी मीच बांधले होते ते.

उठावण्यानंतर मी मंजूताईंना फोन केला. लोक तुमच्या व्रताचं कौतुक करताहेत, ते तसंच राहू द्यायचं का, विचारलं. त्या म्हणाल्या, "पप्पा कुणाचं कापड कमी मोजून देत नव्हते. त्यांच्याबद्दल वाढवून बोललेलंही त्यांना आवडणार नाही. लिहा तुम्ही." म्हणून लिहितेय. मंजूताईंच्या तोंडून खऱ्याची चाड ऐकली तेव्हा बरं वाटलं, आणि ती त्यांच्यात कुठून आली तेही कळलं. तुमच्याकडून मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी हीच चाड सांगेन. तुम्ही ती शेवटी, मास्क काढून, जाता जाता का होईना, राखलीत.

काल दुपारी चहाच्या वेळी मी सगळ्यांना पंगतीत बसवलं आणि सांगितलं. मागची खोली बंद. कुणाला भरवावं लागलं तर इथेच, शेजाऱ्याच्या बाजूला बसून भरवू. पाणी ठसकत असेल तर घट्ट करून देऊ, भाकरी जात नसेल तर खिचडी. नळी हा पहिला उपाय नाही. नाना का गेले तेही सांगितलं, काही न झाकता. कप ठेवल्याचे आवाज तेवढे झाले. मला वाटलं, पुन्हा उशीर झाला.

आज सकाळी मी औषधं वाटत होते तेव्हा शिरपूरकडच्या अक्का माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पंगतीत सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्या त्या, तब्येतीच्या वहीत दोन महिने मी त्यांच्यापुढे 'उत्तम' लिहितेय. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "ताई, माले बी पानी ठसकस. दिवाईपाईन. आते सांगी दिधं, मन्ही जागा मातर बदलू नका." मी त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली, चमचा आणला. त्या गिळत होत्या आणि माझा हात त्यांच्या गळ्यावर होता. डॉक्टरांना लगेच फोन केला, ते दुपारी येऊन बघून गेले.

मग दारात आणखी एक जण येऊन उभे राहिले. न्हाणीघरात दोनदा पडले होते, कुणाला बोलले नव्हते. त्यांच्यामागून एक बाई आल्या, त्यांना उजव्या डोळ्याने पंधरा दिवसांपासून दिसत नाही. एकाचा लघवीला रक्त जाण्याचा त्रास. एक जण गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून उशीच्या अभ्र्यात साठवत होते. सगळ्यांपुढे माझ्या अक्षरात 'ठीक', 'ठीक', 'शांत', 'ठीक'.

आश्रमात आता बावीस माणसं आहेत, नाना. संध्याकाळपर्यंत नऊ जण येऊन बोलून गेले. पंगत बसली आहे, मंगलाबाई वाढते आहे, आणि मी भिंतीशी उभी राहून उरलेल्या तेरा जणांच्या गळ्याकडे बघते आहे.